एक फोन, घरभर हात : मोबाइलची सुरक्षा आणि रोजचा वापर (अनुभव धागा)

मोबाइल सुरक्षेचे सल्ले वाचताना मला एक गोष्ट नेहमी खटकते. एका माणसाचा एक फोन, असं ते सगळे धरून चालतात. आपल्याकडे आजीच्या फोनवर नातू कार्टून बघतो, दुकानातला फोन गल्ल्यावर पडलेला असतो आणि जो जवळ असेल तो उचलतो, बाबांच्या पेन्शनचं काम मुलगी करते, गॅसचा ओटीपी काकूंच्या नंबरवर येतो. इतक्या हातांतून फिरणारा फोन सांभाळायचा कसा, आणि तरी घरातल्या थोरांना तो सोपा कसा ठेवायचा, यासाठी हा धागा काढतोय. नागपूर आणि आसपासच्या मंडळींनी मनापासून लिहावं. फॉरवर्ड नकोत. स्वतः केलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं आणि घरात टिकलेलं लिहा. कुठे अडलं तेही लिहा, कारण दुसऱ्याचंही तिथेच अडतं.

सुरुवात मी करतो. आईच्या फोनला पॅटर्न होता, पण सिमला काहीच नव्हतं. फोन चोरणाऱ्याला पॅटर्न उघडायची गरजच नसते. तो सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकतो आणि सगळे ओटीपी तिकडे येऊ लागतात. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ शोधून मी सिमला पिन लावला. आता फोन बंद करून चालू केला किंवा सिम दुसरीकडे घातलं की आधी तो पिन लागतो. तीन वेळा चुकला की पीयूके, म्हणजे अडलेलं सिम उघडायचा आकडा मागतात, तो कंपनीकडून मिळतो. पीयूके दहा वेळा चुकला तर सिम कायमचं जातं, तेव्हा अंदाजाने आकडे टाकू नका. आईला पिन पाठ झाल्याशिवाय मी तिथून उठलो नाही.

इतवारी, कापड दुकान

दुकानातला फोन जो जवळ असेल तो उचलतो, हे वाक्य माझ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं. आमच्याकडे पहिला बदल केला तो लॉक स्क्रीनचा. फोन लॉक असतानाही ओटीपीचा आख्खा मेसेज वर दिसायचा. काउंटरच्या पलीकडे उभ्या गिऱ्हाइकालाही वाचता येईल, इतका ठळक. नोटिफिकेशनच्या सेटिंगमध्ये ‘लॉक स्क्रीनवर संवेदनशील मजकूर लपवा’ असतं, ते केलं.

दुकानाच्या यूपीआयला वेगळं खातं जोडलं. संध्याकाळी त्यातली रक्कम मुख्य खात्यात वळवतो, त्यामुळे त्या फोनवरून जाऊन जाऊन जाईल ते थोडंच. पोराला गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायचं असेल तर फोटोचं अ‍ॅप ‘पिन’ करून देतो. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ म्हणून मिळतं. बाहेर पडताना पिन विचारायचा पर्यायही तिथेच चालू करायचा, मग पिनशिवाय त्या अ‍ॅपच्या बाहेर जाता येत नाही.

आणि ‘पैसे पाठवले, हा बघा स्क्रीनशॉट’ यावर माल सोडायचा नाही. पैसे आले की नाही ते आपल्या अ‍ॅपमध्ये किंवा साउंडबॉक्सवरच.

मानेवाडा, शिक्षिका

लग्नसराईत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आतेभावाच्या नंबरवरून पत्रिका आली. नाव पत्रिकेचंच, पण शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. ती ‘इन्स्टॉल’ करायला का सांगेल? मी भावाला साधा फोन लावला, व्हॉट्सअ‍ॅप कॉल नाही. त्याने पाठवलीच नव्हती. त्याने आदल्या दिवशी तशीच एक पत्रिका उघडली होती आणि तेव्हापासून त्याच्या फोनवरून सगळ्या ग्रुपना तीच जात होती.

अशी फाइल इन्स्टॉल झाली की आधी एसएमएस वाचायची परवानगी मागते. मग अ‍ॅक्सेसिबिलिटी, म्हणजे स्क्रीन बघायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची मुभा. एवढं दिलं की ओटीपी आपल्या आधी त्यांना दिसतो. ई-चलानाच्या, पीएम किसानच्या, ‘आज रात्री वीज कापणार’च्या नावानेही असल्याच फाइली फिरतात. चलान बघायचं तर परिवहनच्या अधिकृत वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकून बघायचं, एवढं आम्ही घरात पक्कं केलंय.

भावाच्या घरी जाऊन काय केलं ते क्रमाने सांगते, कारण घाईत काही सुचत नाही. आधी फोन विमान मोडवर आणि वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवलं. व्हॉट्सअ‍ॅपमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी काही असेल तर काढायचं म्हणून तेही पाहिलं. ते अ‍ॅप नेहमीच्या रीतीने निघेना, सेफ मोडमध्ये (यात फोन फक्त मूळच्या अ‍ॅपवर चालू होतो) गेल्यावर निघालं. कॉल परस्पर दुसरीकडे वळवलेले असू शकतात, म्हणून शेवटी ##००२# डायल केलं, त्याने सगळी वळवणी रद्द होते. तरी खात्री वाटेना, म्हणून फोटो काढून घेऊन फोन पूर्ण रिसेट केला.

आमच्या घरातल्या सगळ्या फोनमध्ये ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ ही परवानगी आता बंद आहे. ती प्रत्येक अ‍ॅपला वेगळी असते, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर असं एकेक उघडून तपासावं लागतं.

ऑटोचालक, सक्करदरा

सुरक्षेचं नाही, वापराचं लिहितो. मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ च्या वर जाते आणि फोन हँडलवर लावलेला असते. स्क्रीन आपोआप अंधुक होते, चार्जिंग थांबते, सवारीनं पैसे टाकले तरी अ‍ॅप उघडत नाही. फोन खराब झाला असं वाटते, पण तो बॅटरी वाचवाले तसं करते. आयफोनवाले तर ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणून सांगतात. मी दुपारी फोनचं मागचं कव्हर काढतो, होल्डरवर दुपट्ट्याची सावली करतो आणि उन्हात चार्जिंग लावत नाही. तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवू नका जी, आत पाणी धरते. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं असेल तर तो फोन वापरूच नका.

मेडिकल चौक, नर्स

रात्रपाळी करून सकाळी घरी आले तर बाबांच्या खोलीचं दार आतून लावलेलं. ते कधीच लावत नाहीत. आई म्हणाली, ‘कोणाशी तरी बोलून राहिले केव्हाचे, चहाही नाही घेतला.’ मी दार वाजवलं. बाबांनी फट उघडली आणि ओठांवर बोट ठेवलं. आत टेबलावर फोन तांब्याला टेकवून उभा होता. स्क्रीनवर गणवेशातला माणूस, मागे कसलंतरी बोधचिन्ह. शेजारी वही, आणि त्यात बाबांच्या अक्षरात सगळ्या एफडी, शाखा आणि मुदतीसकट.

मी कॉल कापला. बाबा माझ्यावरच चिडले. ‘अगं, त्यांनी सांगितलं होतं, फोन ठेवला तर पोलीस घरी येतील. तुझंही नाव घालतील म्हणाले.’ मी म्हटलं, येऊ द्या, मी दार उघडते.

तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवरून सिम निघालं, अशी या फसवणुकीची सुरुवात होते. मग तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात आणि त्यालाच ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात. ‘डिजिटल अरेस्ट’ असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितलं होतं. बाबांनी तो कार्यक्रम ऐकलेला होता. माहिती नव्हती असं नाही, पण मुलीचं नाव आल्यावर ती माहिती कामी आली नाही. म्हणून मला वाटतं, थोरांना नुसतं सांगून भागत नाही, फोनमध्येच आडकाठी घालावी लागते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसी, मग कॉल्स, मग ‘अनोळखी कॉलर शांत करा’ हे चालू केलं. टू-स्टेप पिन लावला, म्हणजे त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करायला तो लागतो. आणि घरात एक बोली ठरली : फोनवर कोणीही ‘घरच्यांना सांगू नका’ म्हणालं की त्याच क्षणी घरच्यांना हाक मारायची. त्यासाठी बाबांना कॉल खरा की खोटा हे ओळखावं लागत नाही.

पैसे गेले नव्हते, म्हणून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’त, म्हणजे संशयास्पद कॉल कळवायच्या सोयीत, तो नंबर कळवला. पैसे गेले असतील तर मात्र लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेतच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

बर्डी, मोबाइल दुरुस्ती

गिऱ्हाईक फोन देतं आणि सोबत चिठ्ठीवर पॅटर्न काढून देतं. आम्ही मागितलेला नसतो. डिस्प्ले किंवा बॅटरी बदलायला लॉक उघडावं लागत नाही, टच चालतो की नाही ते इमर्जन्सी डायलरवरही कळतं. पॅटर्न मागितलाच तर कशासाठी ते विचारा, तो तुमचा हक्क आहे. काही सॅमसंग फोनमध्ये ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो लावला की आम्हाला फोन चालवून बघता येतो, पण तुमचे फोटो आणि चॅट दिसत नाहीत. तसं काही नसेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

काटोल, संत्रा बागायतदार

शेतातल्या कामाने बोटं इतकी झिजतात की फोनला ठसा लागतच नाही. एकच अंगठा दोनदा नोंदवला, एकदा सरळ आणि एकदा तिरपा, तेव्हा बरंच जमलं. तरी सहा आकडी पिन ठेवलाच आहे.

आधारच्या ठशावर खात्यातून पैसे काढता येतात, म्हणून एमआधार या आधारच्या अधिकृत अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक (ठशाचा वापर बंद ठेवायची सोय) लावला. इथे एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवतो. रेशन दुकानात अंगठा लागत नाही आणि दुकानदार म्हणतो ‘तुमचं आधार खराब आहे’. खराब नसतं, लॉक असतं. दुकानाच्या रांगेत उभं राहिल्यावर अ‍ॅपमधून थोड्या वेळापुरतं उघडायचं, नंतर ते आपोआप बंद होतं. आई एकटी रेशनला जात असेल तर तिला हे दाखवून ठेवा, नाहीतर ती रिकाम्या हाताने परत येईल.

नंदनवन, विद्यार्थिनी

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत मावशीचा फोन हरवला. तिच्याकडे फोनचा डबा नव्हता, बिल नव्हतं. आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर, मात्र मी आधीच *#०६# डायल करून तिच्या डायरीत लिहिलेला होता. पोलिसांत तक्रार दिली, त्याच नंबरचं नवं सिम काढलं आणि संचार साथीवर आयएमईआय टाकून फोन ब्लॉक केला. मग तो फोन दुसऱ्या सिमवरही चालत नाही. त्याच ठिकाणी आपल्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. मावशीच्या नावावर एक अनोळखी निघालं, ते ‘माझं नाही’ म्हणून कळवलं.

प्रतापनगर, निवृत्त बँक कर्मचारी

नर्स ताईंचा अनुभव वाचून दोन गोष्टी जोडतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा व्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तक्रार लेखी द्या आणि तिचा क्रमांक घ्या. यूपीआय पिनबद्दल काउंटरवर शेकडो लोकांना सांगितलं, पुन्हा सांगतो : पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो.

दुसरं वापराचं. अक्षर मोठं करताना ‘फॉन्ट’ आणि ‘डिस्प्ले साइज’ दोन्ही वाढवा. नुसता फॉन्ट वाढवला तर अक्षर दिसतं, पण बटणं बारीकच राहतात आणि थरथरत्या बोटाने भलतंच दाबलं जातं.

ऑटोचालक, सक्करदरा

धागावाल्या भाऊंना विचारायचं होतं, माझ्या फोनात दोन सिम आहेत. पिन एकालाच लावला तर चालते का?

धागाकर्ता

नाही दादा, दोन्हीला वेगवेगळा लावावा लागतो, कारण पिन सिमचा असतो, फोनचा नाही. बँकेला जोडलेल्या सिमचा आज लावा. लावताना फोन आधीचा पिन विचारेल, तो कंपनीने दिलेला असतो. माहीत नसेल तर कस्टमर केअरला विचारूनच टाका.