विधेयक मंजूर झालं नाही म्हणजे खासदाराचं काम शून्य?

शिरोळकर:
काल इथे एकानं लिहिलं, "शेतकरी नेते राजू शेट्टी दहा वर्षं लोकसभेत होते, एक तरी कायदा केला का?" डोकंच फिरलं. अहो, संसदेच्या सगळ्या इतिहासात खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली, मंजूर झाली १४, त्यातलं शेवटचं १९७० साली! २०१८ मध्ये त्यांनी कर्जमुक्तीचं आणि हमीभावाचं अशी दोन विधेयकं मांडली. देशभरच्या शेतकरी संघटनांनी बसून त्यांचे मसुदे केले होते. आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीत आपण शेट्टींना पाडलं.

वारणाकाठ:
मांडली, पुढं काय? उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे, हे केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. तरी बहिणीच्या लग्नापर्यंत आमचं बिल आलं नाही. आईनं पाटल्या मोडल्या. एफआरपीचे, म्हणजे उसाच्या किमान दराचे, हप्ते पाडणारा राज्याचा २०२२ चा निर्णय रद्द केला तो उच्च न्यायालयानं, मार्च २०२५ मध्ये. याचिका शेट्टींचीच, पण तेव्हा ते खासदार नव्हते. मग संसदेत जाऊन मिळवलं काय?

मालवण दांडी:
तुमचा ऊसच चाललाय. मासेमारीवर कोण बोलतं? १२ सागरी मैलांच्या आत राज्य, पलीकडे केंद्र, आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एलईडी मासेमारीवर, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडण्यावर, केंद्रानं २०१७ मध्येच बंदी घातली. रात्री किनाऱ्यावर या, समुद्रातले दिवे मोजून दाखवतो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला अख्खी वाडी उतरते आणि टोपलीभर मासळी घेऊन घरी जाते.

निफाडकर:
बंदी पाळली जात नसेल तर तो अंमलबजावणीचा प्रश्न, खासदार काय करणार? आमच्याकडे बघा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात एका अधिसूचनेनं बंद केली. अधिवेशन चालू होतं, पण सभागृहाला कुणी विचारलंही नाही. माझा ट्रॅक्टर भरलेला, लिलाव बंद पडले.

मालवण दांडी:
तुम्ही निदान लिलाव बंद पाडू शकता, हायवे अडवू शकता. समुद्रात रस्ता रोको कुठे करू? आणि कांदा चार महिने कांदाचाळीत राहतो, बांगडा राहतो का?

निफाडकर:
माहीत नसेल तर बोलू नका! चाळीत राहतो तो उन्हाळी. डिसेंबरचा लाल कांदा पंधरा दिवसांत सडायला लागतो. डोळ्यांदेखत सडलाय माझा.

मालवण दांडी:
बरं, लाल कांद्याचं चुकलं माझं. मासळीचं मात्र एक अक्षर मागे घेत नाही.

वारणाकाठ:
कायदा झाला की नाही, एवढ्यावरच खासदार मोजू नये, हे शिरोळकरांचं मान्य. नाइलाजानं मान्य. पण अधिसूचनेनं आमचं बिऱ्हाड मोडतं तेव्हा सभागृह बंद पाडायला किती खासदार उठतात, हे तरी मोजाल का?

शिरोळकर:
मोजू. नावानिशी मोजू.

मालवण दांडी:
मोजा. आज रात्री परत दिवे दिसले तर फोन कुणाला करायचा, तेवढं आधी सांगा.