शेल्टरमधून आणलेली मोठी कुत्री बाहेर शू करत नाही, घरात आल्या आल्या करते. काय चुकतंय?

तिसरा मजला:
नमस्कार. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके फ्लॅट आहे. नऊ दिवसांपूर्वी शेल्टरमधून इंडी कुत्री दत्तक घेतली. वय अंदाजे तीन वर्षं, वजन 18 किलो, नसबंदी झालेली, लसी पूर्ण. त्याआधी दोन वर्षं ती सिमेंटच्या खोलीत इतर कुत्र्यांबरोबर होती. स्वभावाने गरीब आहे, भुंकत नाही, काही कुरतडत नाही.

अडचण अशी, की सकाळी 7 आणि संध्याकाळी 7 ला मुख्य रस्त्याने पाऊण-पाऊण तास फिरवतो. ती शेपूट पायात घालून चालते, काहीच करत नाही. घरात पट्टा काढला की पाच मिनिटांत हॉलमधल्या सतरंजीवर किंवा बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर शू. रात्री दोन-तीनच्या सुमाराला स्वयंपाकघरात शी. सासरे थोपटायला वाकले की तिथेच थोडीशी शू होते. आम्ही दोघं 10 ते 6 बाहेर, सासू-सासरे घरी, पण दोघांना जिने चढउतर झेपत नाही आणि लिफ्टला ती घाबरते. फरशी रोज दोनदा फिनेलने पुसतो. रागवायचं की नाही यावरून घरात दोन मतं आहेत. नीट सांगाल का?

ओली माती:
रागवायचं नाही, हे आधी सगळ्यांनी मिळून ठरवा. रागावलं की "घरात करायची नाही" हे तिला कळत नाही, "माणसासमोर करायची नाही" एवढंच कळतं. मग ती पट्ट्याला असताना तुमच्यासमोर करतच नाही, पलंगामागे जाऊन करते. ते सोडवायला जास्त दिवस लागतात.

आता कारण. कुत्रं शू कुठे करायची हे पायाखालच्या जमिनीवरून शिकतं. दोन वर्षं तिच्या पायाखाली रोज धुतली जाणारी कडक, गुळगुळीत जमीन होती आणि तीच तिची शू-शीची जागा होती. तुमच्या हॉलची फरशी तिला तशीच वाटते. सतरंजी आणि पायपुसणं तर पाणी शोषतात, अंगावर शिंतोडे उडत नाहीत, म्हणून आणखी सोयीची. ती शिकलेलीच आहे, फक्त दुसऱ्या जमिनीवर. तुम्हाला माती नव्याने शिकवायची आहे.

दुसरं कारण तुमचा रस्ता. शेपूट पायात म्हणजे भीती, आणि घाबरलेलं कुत्रं शू धरून ठेवतं. बस, रिक्षा, हॉर्न यांत ती पाऊण तास धरते आणि घरात सुरक्षित वाटलं की सोडते. म्हणून पुढचे तीन आठवडे मुख्य रस्ता बंद. सोसायटीच्या मागे, पार्किंगच्या कडेला, कुठेही मातीचा किंवा गवताचा शांत तुकडा शोधा आणि रोज तिथेच न्या.

करायचं ते असं. घरातून बाहेर पडलात की कुठेही न रेंगाळता थेट त्या तुकड्यावर. पट्टा दीड-दोन मीटरचा, सैल. तुम्ही एका जागी उभे राहा, तिच्याकडे टक लावून पाहू नका, बोलू नका. तिला वास घेऊ द्या. दहा मिनिटं थांबा. शू सुरू झाली की हळू आवाजात एकदाच "शू कर" म्हणा. घरातल्या सगळ्यांनी हाच शब्द वापरायचा. संपून ती उभी राहिली की दोन सेकंदांच्या आत खाऊ तिच्या तोंडात गेला पाहिजे. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तीन-चार तुकडे, एकामागोमाग एक. खाऊ खिशातच हवा. वर जाऊन दिला तर ते दार उघडल्याचं बक्षीस होतं. आणि शू झाल्या झाल्या तिला घरी आणू नका, फिरणं आता सुरू करा. झालं की लगेच परत, असं होत राहिलं तर ती मजा लांबवण्यासाठी धरून ठेवायला शिकते.

दहा मिनिटांत झालं नाही तर वर या, पण पट्टा काढू नका. सगळी गडबड इथेच होते. भरलेल्या मूत्राशयाचं कुत्रं घरात मोकळं सोडलं की त्या दिवशीची मेहनत गेली. पट्टा कमरेला बांधा किंवा ती खुर्चीजवळ तुमच्या हाताच्या अंतरावर राहील असं बसा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा त्याच जागी. कधी कधी अशा तीन फेऱ्या होतात. झाली की मग घरात अर्धा-पाऊण तास मोकळी, तेही कुणाची नजर असताना.

फेऱ्या दोनवरून किमान सहा-सातवर न्या: उठल्याबरोबर, सकाळच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, दुपारी दोनदा, संध्याकाळी, रात्रीच्या जेवणानंतर, आणि शेवटची पावणेअकराला. मोठं निरोगी कुत्रं सहा-आठ तास धरू शकतं, पण नवीन घरात ते गृहीत धरू नका. सलग सात दिवस घर कोरडं राहिलं की एक फेरी कमी करा. पुन्हा चूक झाली तर ती फेरी परत वाढवा. फ्रिजवर कागद लावा आणि वेळ, जागा, शू की शी, लिहीत जा. आठवड्यात तिचं घड्याळ दिसायला लागतं.

सतरंजी आणि सगळी पायपुसणी महिनाभर उचलून ठेवा. घरात गोल गोल फिरून वास घ्यायला लागली, खोलीतून गुपचूप निघाली, दाराशी येरझारा घातल्या, की लगेच खाली. घरात करताना सापडली तर ओरडू नका, "चल चल" म्हणत खाली न्या. उरलेली तिथे झाली तर खाऊ द्या. नंतर सापडलेलं थारोळं फक्त पुसायचं.

सदाफुली:
फिनेल बंद करा, याने फार फरक पडतो. फिनेलने आपल्या नाकाला वास झाकला जातो, तिच्या नाही. अमोनिया असलेले क्लीनर तर उलटेच पडतात, कारण शूलाही तोच वास असतो.

आणि पोछा. एकाच बादलीत फडकं बुडवून सगळं घर पुसलं की शूचा पातळ हात सगळ्या खोल्यांत फिरतो. त्या जागेसाठी वेगळं फडकं ठेवा. आधी जुनं वर्तमानपत्र किंवा सुती फडकं दाबून शू टिपून घ्या, घासू नका. मग साध्या पाण्याने पुसा, कारण आधीचं फिनेल उरलेलं असेल तर पुढचं एन्झाइम (शूचे घटक तोडणारं द्रव्य) काम करत नाही. त्यावर पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइम क्लीनर जागा पूर्ण भिजेल इतका ओता, दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या, टिपा, आणि वाऱ्यावर वाळू द्या. तो मिळेपर्यंत एन्झाइमवाली कपडे धुण्याची पावडर एक चमचा अर्धा लिटर कोमट पाण्यात चालेल. पाणी उकळतं नको, एन्झाइम मरतं. ओलं असेपर्यंत तिला तिथे जाऊ देऊ नका आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून घ्या.

शू खरी मुरते ती टाइल्सच्या सांध्यांत आणि भिंतीच्या खालच्या पट्टीमागे. रात्री दिवे बंद करून यूव्ही टॉर्च मारा, जुने डाग पिवळट-हिरवट चमकतात. तुम्हाला माहीत नसलेल्या दोन-तीन जागा निघतीलच. व्हिनेगर बरेच जण सुचवतात, पण संगमरवर, शहाबादी किंवा कोटा असेल तर वापरू नका, आम्लाने पॉलिश जातं आणि डाग कायमचा राहतो.

बारा टाके:
शिकवणं सुरू करा, पण याच आठवड्यात व्हेटकडे लघवी आणि शी दोन्हींचे नमुने द्या. मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर कितीही शिस्त लावा, तिला धरताच येणार नाही. थोडी थोडी पुन्हा पुन्हा, कुंथणं, वास बदलणं, रक्ताची छटा, ही त्याची लक्षणं.

नमुना घ्यायचा सोपा मार्ग: लांब दांड्याची स्वच्छ, कोरडी पळी. सकाळची पहिली शू सुरू झाल्यावर एक-दोन सेकंद थांबून मागून पळी सरकवायची. घाई केली तर ती दचकून उठते. निर्जंतुक डबीत ओता आणि दोन तासांत पोचवा, उशीर होणार असेल तर डबी फ्रिजमध्ये.

पाणीही दोन दिवस मोजून ठेवा. किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली, म्हणजे 18 किलोला एक लिटरच्या आसपास. रोज 1.8 लिटरच्या वर जात असेल तर रक्ततपासणी हवी. मूत्रपिंड, मधुमेह, किंवा चालू असलेलं स्टेरॉइड, काहीही असू शकतं. शू घरात होते म्हणून पाणी तोडू नका, विशेषतः या उन्हात.

झोपून उठल्यावर तिच्या अंथरुणावर ओला गोल दिसतो का तेही बघा. नसबंदी झालेल्या काही माद्यांना झोपेत गळती होते. त्यात शिकवण्यासारखं काही नसतं, औषधाने आटोक्यात येते.

रात्रीची शी: रात्रीचं जेवण किती वाजता आणि काय देता?

तिसरा मजला:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीचं जेवण आमच्याबरोबर साडेनऊला: दोन पोळ्या दुधात कुस्करून, कधी भात-चिकन. शी थोडी सैलच असते. सकाळी कोरडं खाणं भांड्यात दिवसभर ठेवतो.
दुपारच्या फेऱ्या कशा जमवायच्या? बाल्कनीत पेपर टाकून चालेल का? आणि सासऱ्यांसमोर होते त्याचं काय करू? त्यांना फार वाईट वाटतंय.

बारा टाके:
दूध थांबवा. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही आणि शी सैल होते. पोळी-भात जास्त झाला की शीही जास्त. रात्रीचं जेवण साडेसहा-सातला द्या, म्हणजे पावणेअकराच्या फेरीपर्यंत पोट मोकळं व्हायला वेळ मिळतो. भांडं पंधरा-वीस मिनिटांनी उचला, उरलं तर उरलं. दिवसभर थोडं थोडं खाणारं कुत्रं दिवसभर थोडं थोडं करतं. खाण्यात बदल सात दिवसांत हळूहळू करा. तरी सैल राहिली तर शीच्या तपासणीत जंत आणि जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) बघायला सांगा, शेल्टरमध्ये दोन्ही नेहमीचे.

रात्री ती तुमच्या खोलीत झोपू दे, पलंगाजवळ पट्ट्याला, तिच्या अंथरुणावर. उठून हालचाल केली की तुम्हाला जाग येते. स्वयंपाकघराचं दार बंद.

घाटमाथा:
पेपर नको. फरशीवर पसरलेली सपाट वस्तू म्हणजे तिच्यासाठी पुन्हा सतरंजीच. दुपारसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे बारा आणि तीनला येणारा एखादा वॉकर, आणि त्याने हाच मातीचा तुकडा वापरायचा. ते जमत नसेल तर बाल्कनीत खरं गवत. दोन बाय तीन फुटांचा, दोन-तीन इंच कड असलेला प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, नर्सरीत मातीसकट लॉनचा तुकडा मिळतो तो त्यात बसवा, आणि तिची शू टिपलेलं फडकं पहिले दोन दिवस त्यावर ठेवा. सासूबाईंनी ठरलेल्या वेळी पट्ट्याला धरून तिथे उभं राहायचं, खाऊचा नियम तोच. दहा-पंधरा दिवसांनी लॉन बदला.

ओली माती म्हणतील की दोन जागा शिकवल्या की गोंधळ होतो. पायाखालचं गवत तेच असेल तर तो बराच टळतो. प्लॅस्टिकच्या खोट्या गवताने मात्र टळत नाही, शिवाय त्याला दोन आठवड्यांत वास धरतो. बाल्कनीत तिला एकटी कोंडून ठेवू नका, आणि गजांमधून डोकं जात असेल तर आधी जाळी.

सासऱ्यांचं: ती शू सवयीची नव्हे. कान मागे, अंग खाली, थोडीशी गळती, म्हणजे ती "मी काही करणार नाही, मला मारू नका" असं सांगते आहे. वरून वाकलेलं माणूस आणि डोक्यावर येणारा हात तिला धमकी वाटतो. त्यांना सांगा, खुर्चीत बसा, थोडं आडवं वळून, तिच्याकडे न बघता. मांडीशेजारी हात मोकळा सोडा, तळहातात पनीरचा तुकडा. ती स्वतः आली की हनुवटीखाली किंवा छातीवर दोन-तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत मागायला आली तर परत. बाहेरून आल्यावर दारात लाड नकोत. आधी खाली, शू, मग भेट. बहुतेक कुत्री भरवसा बसला की यातून आपोआप बाहेर येतात. या काळात तिला जेवण सासऱ्यांच्या हातून देता आलं तर फार चांगलं.

लिफ्ट: दार उघडं धरून उंबऱ्यावर खाऊ टाका, मग आत एक पाऊल, मग बाहेर. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, दार बंद न करता. ती स्वतःहून आत पूर्ण शिरायला लागली की एकच मजला. ओढून नेऊ नका, घाबरून लिफ्टमध्येच करेल आणि सोसायटीत वाद सुरू होतील. तोवर जिना. पट्टा नुसत्या गळपट्ट्याला न लावता हार्नेसलाही जोडा, कारण नवीन कुत्री दचकली की मागे सरकून मान काढून घेते आणि पळते.

तिसरा मजला:
आज लिहिलेलं सगळं प्रिंट काढून फ्रिजवर लावतोय. एकच विचारायचं राहिलं: शनिवारी तासभर चौघांनाही बाहेर जावं लागणार आहे, तेव्हा काय करू?

ओली माती:
जाण्याआधी शू झालीच पाहिजे, त्याशिवाय निघू नका. स्वयंपाकघर आणि बेडरूमची दारं बंद, हॉलमध्ये जमिनीवर काही अंथरलेलं नको, तिचं अंथरूण आणि पाणी तेवढं ठेवा. जुना फोन लावून व्हिडिओ चालू करा. आल्यावर पहिली वीस मिनिटं बघा. ती झोपली आणि शेवटी शू केली असेल तर फेरीची वेळ चुकली, एवढंच. पण तुम्ही गेल्या गेल्या दार खरवडणं, लाळ गळणं, धापा आणि मग शू असं दिसलं तर ती एकटेपणाची भीती आहे, आणि तिथे वरचं वेळापत्रक पुरणार नाही. तसं असेल तर व्हिडिओत कितव्या मिनिटाला काय झालं ते इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.