देवळासमोरच्या मोकळ्या जागेचे सुशोभीकरण: निवेदनात काय मागावे?

वडाखालची, बार्देश

सर्वांना नमस्कार. आमच्या प्रभागात देवळासमोर साधारण १००० चौरस मीटरची मोकळी जागा आहे. मध्यभागी जुना वड आणि त्याचा चिऱ्यांचा पार, एका कडेला गटार, आणि गटाराच्या पलीकडे खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन, सुरू होते. शिगम्यात, म्हणजे होळीच्या उत्सवात, येथे ढोल-ताशांच्या गजरात नाचत येणारी मिरवणूक, रोमटामेळ, येतो, जत्रेला दुकाने लागतात, आणि एरवी संध्याकाळी वयस्कर मंडळी पारावर बसतात व मुले खेळतात. आता पालिकेने सुशोभीकरणाचा आराखडा मांडून नागरिकांच्या सूचना मागवल्या आहेत. सगळ्या जागेवर पेव्हर, पाराला ग्रॅनाइटच्या लाद्या, दर्शनी बाजूला कारंजे, कडेने बॉटल पामची रांग आणि भोवती रेलिंग, असे त्याचे स्वरूप आहे. पावसाळ्यातला चिखल जावा अशी आमचीही इच्छा आहे, कारण जून ते सप्टेंबर तेथून चालणे खरोखर कठीण होते. पण चित्र पाहिल्यावर शिगमो कोठे होणार आणि माणसे कोठे बसणार, हे मला त्यात सापडेना. केवळ भावनेने विरोध न करता मुद्देसूद निवेदन द्यावे, असे आम्हा काही रहिवाशांना वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जांभा

ताई, मी लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून काम करतो, त्यामुळे सुरुवात पाण्यापासून करतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे आपल्या जागेवर ५० मिलिमीटरची एक सर कोसळली की ५०,००० लिटर पाणी जमा होते, आणि गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले काही पाणी आज माती शोषून घेते. रोलरने दाबलेल्या खडीवर पेव्हर बसवले की बहुतेक सगळे पाणी वरून वाहून गटारात उतरेल. गटार खाजनाच्या दिशेने जात असेल तर भरतीच्या वेळी मानशीची, म्हणजे खाजनाच्या बांधातली पाणी सोडण्याची, दारे बंद असतात, आणि तेव्हाच मुसळधार पाऊस आला तर पाण्याला पुढे वाट राहत नाही. म्हणून पहिली मागणी अशी करा की आराखड्याबरोबर जमिनीच्या उंचीसखलतेचा नकाशा आणि पाणी नेमके कोठे सोडणार याचा तपशील द्यावा. हे दोन्ही नसतील तर समोर आहे ते केवळ रंगीत चित्र आहे.

दुसरा मुद्दा वडाचा. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतांश मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर पसरलेली असतात. पेव्हरच्या ठोकळ्याने जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी अधिक नुकसान त्याखालच्या खोदकामाने आणि रोलरने होते. मुळे तुटतात, माती घट्ट होते आणि हवा आत जाईनाशी होते. झाड लगेच मरत नसल्यामुळे पुढे काही वर्षांनी फांदी पडली तरी त्याचा संबंध या कामाशी कोणी जोडत नाही. शिवाय पारंब्यांना जमिनीत उतरायला जागा उरली नाही तर त्या छाटल्या जातात आणि आडव्या फांद्यांचा आधारच जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एवढ्या मोठ्या वडाला मात्र एक मीटर अगदीच अपुरा आहे. निदान फांद्यांच्या सावलीखाली खोदकाम होऊ नये आणि रोलर फिरू नये, असे स्पष्ट शब्दांत लिहा.

फोंड्याहून

वरील मतात भर घालतो. अशा जागेचा मोठा गुण तिच्या रिकामेपणात असतो. शिगम्याच्या मांडाला (लोक जमून नाच-गाणी करतात त्या जागेला), दशावताराच्या रंगमंचाला आणि जत्रेच्या दुकानांना तीच जमीन आळीपाळीने लागते. कारंजे एकदा बसले की ती जमीन कायमची अडते, आणि पंप बिघडल्यावर त्यात पाणी साचून डासांची सोय होते ती वेगळीच. न्यूयॉर्कमधील चौकांचे १९७० च्या दशकात चित्रीकरण करून शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाईट यांनी असे दाखवले की जेथे बसायला जागा असते तेथे माणसे बसतात. निष्कर्ष अगदी साधा वाटतो, तरी आपल्याकडील बहुतेक आराखड्यांत तो विसरला जातो. पणजीच्या कांपाल भागात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी कला अकादमी या नाट्य-संगीताच्या केंद्राची रचना करताना रस्त्यापासून मांडवी नदीपर्यंत जाणारा मोकळा, सावलीचा मार्ग ठेवला. तिकीट काढलेले नसले तरी माणूस तेथे सहज टेकू शकतो, आणि सार्वजनिक वास्तू म्हणजे काय याचा इतका सुंदर धडा गोव्यात दुसरा नाही, असे माझे मत आहे.

आपण आठवडाभर सकाळ, दुपार, संध्याकाळ कोण कोठे बसते, उभे राहते आणि कोणत्या वाटेने जाते याची नोंद करून ती निवेदनाला जोडा. रेलिंग त्या वाटा कोठे तोडते, हे त्यावरून आपोआप दिसेल.

सावली

मला थोडे वेगळे सांगायचे आहे. माझी आई चाकाच्या खुर्चीवर आहे, आणि मातीच्या अंगणाचे कौतुक ऐकले की मला तिचे अडकलेले चाक आठवते. कृपया निवेदनात सरसकट पेव्हरविरोध नसावा. देवळाच्या पायरीपासून पारापर्यंत आणि रस्त्यापर्यंत एक सपाट, न निसरडी, किमान दीड मीटर रुंदीची वाट हवीच. जेथे उंची बदलते तेथे उताराचे प्रमाण १:१२ (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) पेक्षा तीव्र नसावे. पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसात वृद्धांसाठी धोक्याचा असतो, त्यामुळे पाराला तो लावू नये, असे मात्र मलाही वाटते.

वडाखालची, बार्देश

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. सावलीताईंचा मुद्दा आमच्या चर्चेत आलाच नव्हता, तो आता पहिल्या पानावर घेऊ. जांभा सर, मुळांना धक्का न लावता अशी पक्की वाट करता येते का? आणि बॉटल पामऐवजी कोणती झाडे सुचवावीत?

जांभा

करता येते. वाट शक्य तितकी फांद्यांच्या घेराबाहेरून न्यावी. घेराखालून न्यावीच लागली तर जमीन न खोदता वरून भर घालावी. त्यासाठी आधी जाळीदार कापड, त्यावर बारीक चुरा नसलेल्या खडीचा पातळ थर आणि त्यावर खडबडीत पृष्ठभागाचे ठोकळे, सिमेंटने न सांधता. आपल्या तांबड्या मातीने सांधे हळूहळू बुजतात, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी ते साफ करण्याचे काम देखभालीच्या करारातच असले पाहिजे. उरलेल्या जागेला गटाराकडे हलका उतार देऊन गटाराच्या अलीकडे उथळ, हिरवळीचा खोलगट पट्टा ठेवला तर चिखल पुष्कळ कमी होईल आणि सरीचे पाणी तेथे थोडा वेळ थांबून जिरेल. खाजनाजवळ भूजल वरच असते, त्यामुळे खोल शोषखड्ड्यांवर खर्च करू नये.

बॉटल पाम सावली देत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात मोकळ्या जागेला सर्वांत आधी सावली हवी. कडेला बकुळ लावा, तो सदाहरित आणि दाट असतो. खाजनाच्या बाजूला करंज, कारण त्याला खारे वारे आणि ओलसर जमीन चालते. एखादी सुरंगी अवश्य लावा. ती सावकाश वाढते, पण फुलल्यावर वळेसरांसाठी (गजऱ्यांसाठी) माणसे स्वतःहून तिची काळजी घेतात. शिगम्याचा मांड आणि दुकानांची रांग जेथे असते, तेथे मात्र एकही झाड लावू नये.

निवेदन निविदा निघण्यापूर्वी द्या आणि त्याची पोच घ्या. वडाची एखादी फांदी तोडायचे ठरलेच, तर गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ अन्वये परवानगीचा प्रश्न येतो, तोही निवेदनात नोंदवा. यंत्रे येण्याआधी वडाभोवती तात्पुरते कुंपण घालण्याची अट निविदेतच असावी, कारण काम सुरू झाल्यावर खडीचा पहिला ढीग नेहमी झाडाच्या बुंध्याशीच टाकला जातो.