जिवंत देवमाशांच्या मागे लागायलाच हवं का?

खाडीकाठ: २०२४च्या जुलैत न्यूझीलंडच्या ओटागो भागात पाच मीटरचा मेलेला नर देवमासा किनाऱ्याला लागला. चोचवाल्या देवमाशांतला, फावड्यासारख्या दातांचा. १८७२मध्ये एक जबडा सापडला तेव्हापासून ही जात माहीत आहे, पण जिवंत पाहिल्याची खात्रीची नोंद नाही. डिसेंबरात तिथल्या मूळच्या माओरी लोकांना सोबत घेऊन चिरफाड झाली, पोटाला नऊ कप्पे निघाले. माझ्या मते एवढं पुरे. समुद्र आणून देतो ते नीट तपासा. जिवंतांच्या मागे बोटी घेऊन अंगावर टॅग, म्हणजे नोंदी घेणारं छोटं यंत्र, ठोकत कशाला फिरायचं? जपानही 'संशोधन' म्हणूनच अंटार्क्टिकात देवमासे मारत होता. २०१४ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाला तो कार्यक्रम थांबवायला लावावा लागला.

भरतीओहोटी: टॅग आणि देवमासे मारायचा भाला (हार्पून) एकाच पंगतीला बसवू नका हो! चोचवाल्यांतलाच क्युव्हिएरचा देवमासा एका दमात ३ तास ४२ मिनिटं पाण्याखाली राहिला, हे टॅगमुळे कळलं. पोट फाडून त्याने काय खाल्लं ते दिसतं. किती खोल जाऊन खाल्लं, पिल्लं कुठे घालतो, हे कुठून दिसणार?

खाडीकाठ: बहामा बेटांत २००० साली नौदलाने सोनार (पाण्यात आवाज सोडून पाणबुड्या शोधायचं यंत्र) वापरल्यानंतर देवमासे किनाऱ्यावर आले. मेलेल्यांच्या कानांपाशी रक्तस्राव सापडला. टॅग कुठे होते तेव्हा?

भरतीओहोटी: नव्हते, म्हणूनच ते मेल्यावर कळलं. सोनार ऐकून ते खाणं सोडून पळतात, हे नंतर तिथेच टॅग लावून दिसलं. नौदलाला नुसतं 'जरा जपून' म्हटलं तर कोण ऐकतंय? अंतर आणि आवाज आकड्यांत सांगावा लागतो.

देवगडकर: तुमचं न्यूझीलंड-बहामा चालू द्या. २०१५मध्ये कुणकेश्वरसमोर निळे देवमासे दिसले, तर पेपरात 'शंभर वर्षांनी दर्शन'! शंभर वर्षं दिसले नाहीत की कुणी होडीवाल्यांना विचारलंच नाही?

भरतीओहोटी: मान्य, पण 'मोठा होता, काळा होता' यावरून जात ठरत नाही. फोटो तरी हवा.

देवगडकर: आता फोन सगळ्यांकडे आहे. जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला की वनखात्याचा कांदळवन कक्ष भरपाई देतो, फोटो पाठवावाच लागतो. फुकटात कुणी नोंदी ठेवणार नाही, डिझेलचा भाव बघा आधी.