मदत हवी आहे: अडत दुकानातला टॅलीचा डेटा रॅन्समवेअरपासून कसा वाचवायचा?

नमस्कार मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे हिशेब मी बघते. हळद, बेदाणा दोन्हीचे सौदे असतात. गेल्या महिन्यात आमच्याच ओळीतल्या एका दुकानाच्या सगळ्या फायली एका रात्रीत लॉक झाल्या आणि स्क्रीनवर क्रिप्टोत पैसे मागणारी चिठ्ठी आली. हाच तो रॅन्समवेअर. बॅकअप होता, पण हार्ड डिस्क कायम त्याच मशिनला लावलेली. तीही गेली. ऐन हंगामात कुणाची किती पट्टी द्यायची राहिली, हे आता तिथले दिवाणजी पावत्यांवरून जुळवतायत आणि शेतकरी रोज दारात येऊन उभे राहतात.

आमची अवस्था फार वेगळी नाही. पाच कॉम्प्युटर आहेत. एकावर टॅलीचा डेटा, ते फोल्डर बाकी चौघांना शेअर केलेलं. म्हणजे कुणा एकाने मेलमधलं खोटं बिल उघडलं तरी सगळा डेटा गेलाच. तीन मशिनींवर अजून विंडोज १०, ज्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सॉफ्टवेअरवाले रिमोट डेस्कटॉपने (दुरून मशिन चालवायची सोय) येतात म्हणून राऊटरवर त्याचा ३३८९ पोर्ट कायम उघडा. संध्याकाळचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि तो मशिनलाच अडकवलेला.

मालक म्हणतात, चांगला अँटीव्हायरस घेतलाय, आणखी काय पाहिजे? मला ते पटत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर पसरला, पण तो ज्या फटीतून शिरत होता ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नाही तेच सापडले. शिवाय जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, आणि शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक आमच्याकडे आहेत. ही त्यांची अमानत आहे.

डिस्क काढून कपाटात ठेवावी तर २०१९ चा पूर आठवतो. क्लाउडवर सिंक लावलं तर लॉक झालेल्या फायलीच वर जातील ना? खर्च बेताचाच करता येईल. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
ताई, आधी ते ३३८९ बंद करा, आजच्या आज. रॅन्समवेअरवाल्यांचा तो आवडता दरवाजा आहे, सतत पासवर्ड लावून बघत असतात. सॉफ्टवेअरवाल्यांना व्हीपीएनमधून (इंटरनेटवरच्या खाजगी, सुरक्षित जोडणीतून) येऊ द्या, नाहीतर तुम्ही परवानगी दिली तेवढ्यापुरतं.

बॅकअपला दोन डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. एक मालकांच्या घरी, ते पूररेषेच्या बाहेर असेल तर. कॉपी झाली की डिस्क काढायची म्हणजे काढायची. क्लाउडबद्दलची तुमची शंका बरोबर आहे, म्हणून जुन्या आवृत्त्या महिनाभर तरी साठवणारी सेवाच घ्या. आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशिनवर उघडून बघा. हे कुणी करत नाही, आणि नेमक्या वेळी फाईल उघडत नाही.

प्रतिसाद २
रोजच्या कामाला ॲडमिन खातं (मशिनवर सगळे अधिकार असलेलं) देऊ नका. विंडोज १० वाली मशिनं बदलेपर्यंत त्यांवर मेल आणि ब्राउझर नको. मेल आणि बँकेला टू स्टेप (पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खात्री) लावा. पार्टीने खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करूनच पैसे सोडा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मशिन लॉक झालं तर आधी लॅनची केबल काढा, फॉरमॅट करू नका. सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सहा तासांत कळवायचं असतं. नो मोअर रॅन्समच्या साइटवर काही प्रकारच्या रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फायली उघडायच्या चाव्या फुकट मिळतात, पैसे देण्याआधी तिथे बघा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. पोर्ट बंद करून घेतलं, मालक दोन डिस्कना तयार आहेत. एक अडलंय: फोल्डरला फक्त वाचायची परवानगी ठेवली तर बाकीच्यांना टॅलीत एंट्री करता येत नाही. टॅलीप्राइम सर्व्हर घेतला की डेटाचं फोल्डर थेट शेअर करावं लागत नाही असं ऐकलंय. पाच मशिनींसाठी कुणी वापरतंय का? सांगली-मिरजेकडचं कुणी असेल तर येऊन बघायलाही तयार आहे.