गावच्या पाण्याचा अभ्यास करायचाय: भूशास्त्र घेऊ की समाजशास्त्र?

बालाघाट_केज: नमस्कार मंडळी. भूशास्त्रात बीएस्सी झालंय. आजोबांच्या आडाला चाळीस फुटांवर पाणी होतं, आता शिवारात सातशे फुटांच्या बोअरमधूनही नुसता फुफाटा निघतो. माणसानं पृथ्वीचं काय केलं, हे मला या शिवारातूनच शिकायचंय. पुढं कोणता विषय घेऊ?

मुरूम_पाषाण: एमएस्सी भूशास्त्रातच कर, पाया सोडू नकोस. आपल्याकडं पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि बेसॉल्ट या काळ्या खडकाच्या फटींत. खाली घट्ट पाषाण लागला की खोल जाऊन हाती लागेलच असं नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी माग. मात्र बोअर एवढे का पडले, ते खडक सांगणार नाही. त्यासाठी ऊस, वीज आणि कर्ज बघावं लागतं.

कोयत्याची_लेक: आणि माणसं. माझे आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन दरवर्षी कारखान्यावर जायचे. गावात पाणी नाही म्हणून घर सोडायचं आणि जास्तीत जास्त पाणी पिणारं पीक तोडायला जायचं. ही साखळी पाणीपातळीच्या आलेखात दिसत नाही. म्हाताऱ्या बायांना विचार, कोणत्या साली कोणता आड आटला. त्यांना लेकरांच्या जन्मावरून बरोबर आठवतं.

दप्तरखाना: तहसीलमधून 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमीन-पिकांची जुनी नोंद, काढ, शेजारी आजचा सातबारा ठेव. ज्वारी-करडई कुठं होती, ऊस कुठं आला ते गटवार कळेल. निजामकाळात मागं जायचं तर उर्दू शिकावी लागेल, शीकच. लँडसॅट उपग्रहांची चित्रं 1972 पासूनची आहेत, फुकट मिळतात. मोठ्या दुष्काळाचंच वर्ष ते.

बालाघाट_केज: पण एवढं सगळं केलं तर कुठल्याच शाखेचा राहणार नाही, असं सर म्हणतात.

मुरूम_पाषाण: त्यांची काळजी खरी आहे, नोकरीच्या जाहिराती शाखेनुसारच निघतात. म्हणून पदवी एकच घे. पण ‘मानवयुग’ (अँथ्रोपोसीन) हा शब्द बघ, म्हणजे माणसानंच पृथ्वी बदलून टाकली असा काळ. 2000 मध्ये पॉल क्रुट्झन या वातावरण-रसायनशास्त्रज्ञानं तो पुढं आणला. 2024 मध्ये भूवैज्ञानिकांनी अधिकृत कालखंड म्हणून तो नाकारला, तरी इतिहासकार आणि समाजशास्त्रज्ञ तो वापरतातच. प्रबंधाला अख्खा जिल्हा घेऊ नकोस. आजोबांचा आड घे. त्याच्याभोवतीचे सगळे बोअर नकाशावर मांड, आणि प्रत्येकापुढं तीन गोष्टी लिही: साल, खोली, पैसा कुठून आला.

कोयत्याची_लेक: चौथीही लिही. त्या वर्षी घरातून कोण ऊसतोडीला गेलं.