बेसिनमधून सकाळी सकाळी गटाराचा वास, काय करावं?

वरदा_ठाणे:
आमच्या बेडरूमच्या बाथरूममधल्या वॉश बेसिनला सडक्या अंड्यासारखा वास येतोय, सकाळी दार उघडलं की भपकाराच, मग दिवसभर वापर चालू असतो तेव्हा तेवढा जाणवत नाही. पाणी मस्त जातंय, तुंबत वगैरे अजिबात नाही. डांबर गोळ्या टाकल्या तर आता डांबर आणि गटार असा मिक्स वास येतोय. खायचा सोडा आणि व्हिनेगर पण झालं, एखाद दिवस बरं वाटतं की परत तेच. सासूबाई म्हणतात अ‍ॅसिड ओत आणि प्लंबर म्हणतो टाईल्स फोडून लाईन बघायला लागेल. फोडाफोडीच्या आधी काही करता येईल का?

चहाबाज:
रात्री ईनो टाका, सकाळी गरम पाणी. आमच्याकडे चालतं.

गवंडीकाका:
ईनो काय नि सोडा काय, फेस येतो म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं एवढंच. वरदाताई, आधी खाली वाकून बघा, बेसिनखाली बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा भाग, ज्यात थोडं पाणी कायम साठून राहतं) आहे की नुसता तो स्प्रिंगसारखा वाकणारा पांढरा वेस्ट पाईप? अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाईड, तो गटारातून वर येतो आणि त्याला अडवायला ट्रॅपमध्ये दोनेक इंच पाणी उभं राहावं लागतं. बऱ्याच बिल्डिंगींत बेसिनला ट्रॅपच नसतो, पाईप भिंतीतल्या नाहीतर जमिनीतल्या भोकात खुपसलेला असतो, पाईप सव्वा इंची आणि भोक त्याहून मोठं, मग आजूबाजूच्या फटीतून वास येणारच. रात्रभर दार बंद म्हणून साठतो आणि सकाळी भपकारा. फोडायच्या आधी एक करा, झोपताना बेसिनच्या जाळीवर आणि वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकावर (बेसिन भरून वाहू नये म्हणून काठाखाली असतं ते) चिकटपट्टी लावा. सकाळी तरी वास आला तर खालून फटीतून येतोय, नाही आला तर बेसिनच्या आतून.

मीनल७१:
आणि आतून असेल तर ते ओव्हरफ्लोचं भोक!! तिथे कोणी बघतच नाही, साबण आणि पेस्टचा काळा बुळबुळीत थर जमतो आत. बाळाच्या बाटलीचा जुना ब्रश घालून घासा, काय निघतं ते बघून जेवण जाणार नाही. ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवून त्याची खालची वाटी हाताने फिरवून काढता येते, केसांचा गोळा निघतो, फक्त परत लावताना वॉशर नीट बसवा नाहीतर थेंब थेंब गळत राहतं. अ‍ॅसिड मात्र नको हं. जाळीचं क्रोम जातं आणि आधी कोणी ब्लीचवालं क्लीनर ओतलेलं असलं तर क्लोरीन गॅस होतो, बंद बाथरूममध्ये ते फार वाईट. उकळतं पाणी पण नको, पीव्हीसी मऊ पडतं.

वरदा_ठाणे:
चिकटपट्टी लावली होती, वास तरीही आला! मग टॉर्च घेऊन बघितलं तर ट्रॅप नाहीच, स्प्रिंगवाला पाईप भिंतीतल्या भोकात, आणि बाजूला बोट जाईल एवढी फट, त्यातून एक झुरळ माझ्याकडे बघत होतं. म्हणजे झुरळं कुठून येतात तेही कळलं 😣 एम-सील लावून टाकू का?

गवंडीकाका:
एम-सीलने फट बुजेल पण पाईप कधी बदलायचा झाला तर छिन्नी हातोडा. हार्डवेअरच्या दुकानात रबरी रिंग मिळते, भोकाचं माप घेऊन जा, पाईपवर चढवून भोकात दाबून बसवायची. फट बंद झाली तरी पाईपच्या आतून वास वर येऊ शकतो, म्हणून बॉटल ट्रॅप लावून घ्या, तुमचा पाईप भिंतीत जातोय म्हणजे सरळ बसेल, माप ३२ मिमी सांगा. पीव्हीसीचा चालतो, कॅबिनेटच्या आत कोण बघतंय.

परदेशी_पाहुणा:
ट्रॅप लावल्यावर महिनाभर गावाला गेलात तर त्यातलं पाणी आटतं हेही लक्षात ठेवा. शेजाऱ्यांकडे किल्ली असली तर अधूनमधून नळ सोडायला सांगा, नाहीतर निघताना वरून चमचाभर खोबरेल ओता, तेलाचा तवंग राहिला की पाणी लवकर उडत नाही.

चहाबाज:
थंडीत खोबरेल थिजेल की हो.

परदेशी_पाहुणा:
मग शेंगदाणा ओता 😄